दोन ओळी सोडा: धार-देवासच्या सिस्टरांकडे

सुनंदा जगताप, नर्स प्रॅक्टिशनर, प्रसूतिकक्ष, धार जिल्हा. अन्याय हिच्यावर झाला. कधी, तर गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची पाळी सुरू होताना. आदल्या रात्री तिने एका बाळंतिणीचा जीव वाचवला होता. सकाळी तिला प्रसूतिकक्षातून उठवून चादरींच्या खोलीत बसवलं. मी भेटलो तेव्हा ती तिथेच होती, धुवून आलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

जगताप हे तिचं खरं आडनाव नाही. तिनेच हसत हसत निवडून दिलं. रुग्णालयाच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. चौकशी अजून उघडी आहे.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण धारपासून देवासपर्यंत मला हाच प्रश्न विचारला गेला आणि मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं. ही डॉक्टर नाही आणि नुसती सांगितलेलं करणारी नर्सही नाही. ही तपासते, धोका ओळखते, ठरलेल्या मर्यादेत औषध देते. त्यासाठी तिचं वेगळं प्रशिक्षण झालेलं असतं. प्रशिक्षण सरकारने दिलं आणि मग परत आल्यावर तिला कुठलं पद द्यायचं ते सांगायला सरकार विसरलं. पद नाही, म्हणून तिच्या कामाचा अभ्यास होत नाही. अभ्यास नाही, म्हणून पद निघत नाही. यावर मी आजवर जितकी पत्रकं लिहिली त्या सगळ्यांत हे वाक्य आहे.

काही संशोधक मंडळी आमच्या संघटनेकडे आली. म्हणाली, या पेशाबद्दल आधी कशाचा अभ्यास व्हायला हवा ते नर्सनाच ठरवू द्या. प्रश्न गोळा करा, त्यांना क्रम लावा. पश्चिम माळव्याचं काम माझ्याकडे आलं. मी स्वतः नर्स आहे. होय, पुरुष. हॉस्पिटलात आम्हाला ब्रदर म्हणतात आणि लग्नाच्या बाजारात काहीच म्हणत नाहीत. पहिला प्रश्न कोणता येणार हे मला निघण्याआधीच माहीत होतं: औषध लिहिण्याचा अधिकार. तसं पत्रकही अर्धं लिहून झालं होतं. ते अर्धंच राहिलं.

धामनोद

धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की सेंधव्यानंतर हवा बदलते. खलघाटला नर्मदेचा पूल लागतो आणि बसमधली निम्मी माणसं हात जोडतात. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून नाणं टाकलं, ते कठड्यावर आपटून परत बसमध्ये आलं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "लो, मैया ने आपको दिया." मी नास्तिक आहे. नाणं खिशात टाकलं.

धामनोदला ट्रकांच्या रांगेमागच्या एका हॉटेलात सुनंदाताई वाट बघत होत्या. पस्तिशीच्या, ठेंगण्या, स्वेटरवर शाल.

"बसा ना भिया. तुम्ही तर एकदम दुबळे निघाले! मागच्या पत्रकावरून वाटलं, कुणी पहिलवान येतोय."

"वाचलंत पत्रक?"

"अक्षरं लागली. आमची शाळा हिंदीत झाली ना. पण तुमचे शब्द केवढाले! 'शोषणव्यवस्था'पाशी मी जी अडकले, ती अडकलेच. मग मामंजींनी वाचून दाखवलं. त्यांना फार आवडलं. म्हणाले, मुलगा तापट आहे, पण शुद्ध लिहितो."

भिया म्हणजे इकडचा भैया, आणि मामंजी म्हणजे सासरे. मामंजी हा शब्द मी फक्त जुन्या नाटकांत ऐकला होता. इथे तो रोजच्या वापरात आहे, आणि त्याच वाक्यात 'टेन्शन मत लो' पण आहे.

पोहे आले. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इकडे शेव, वर जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला, आणि बाजूला जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी कशी खातात ते मी बघत बसलो. तोवर ताईंनी माझी जिलबी संपवली.

मी माझा प्रश्न पुढे केला. "औषध लिहायचा अधिकार हवा ना तुम्हाला?"

"अधिकार?" त्या थांबल्या. "तो पहिला डोस द्यायचा अधिकार तर होता ना. सरकारच्या पुस्तकातच आहे, सिस्टरने द्यावा म्हणून. मी दिला म्हणून नाही काढलं मला. लिहिला म्हणून काढलं."

मला कळेना. मग त्यांनी इकडची पद्धत सांगितली. रात्रीला डॉक्टर एक आणि रुग्णालयं दोन. बाई आली की सिस्टर तपासते, ठरवते, करायचं ते करते. पण केसपेपरवर फक्त तपासणी लिहिते आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडते. सकाळी डॉक्टर येतात, त्या दोन ओळींत रात्रीची वेळ घालून ऑर्डर लिहितात, सही करतात. मग सिस्टर त्याखाली लिहिते: ऑर्डरप्रमाणे दिलं. नवीन मुलगी रुजू झाली की तिला इंजेक्शनची कपाटं दाखवायच्या आधी हे शिकवतात. दोन लाइन छोड़ो.

"त्या रात्री बाईचं बीपी भयंकर वाढलेलं. डोकं फुटतंय म्हणे, डोळ्यांपुढे काजवे. झटका येणार हे दिसत होतं. डॉक्टरसाहेबांना फोन लावला, लागेना. ते दुसऱ्या रुग्णालयातून निघाले होते, घाटात होते. मी झटका रोखायचं मॅग्नेशियम दिलं आणि गाडीत घालून इंदूरला पाठवलं. आता सांगा, पेपर तर बाईबरोबर इंदूरला चालला. ओळी कुणासाठी सोडू? आणि काय दिलं, किती दिलं, हे लिहिलं नाही तर तिथले लोक वरून परत देतील. बाई मरेल. म्हणून लिहिलं. 'डॉक्टरांचा फोन लागला नाही. धोका ओळखून पहिला डोस मी दिला.' सही केली."

"मग?"

"मग काय. बाई वाचली, बाळ वाचलं, आणि मी गेले."

चौकशीच्या साहेबांनी त्यांना विचारलं होतं: तुमच्यासारख्या सिस्टर असे निर्णय घेतात, हे कुठल्या अभ्यासात आलं आहे का? असेल तर दाखवा. दाखवायला काहीच नव्हतं. पुढची सुनावणी रथसप्तमीनंतर. त्यांना प्रसूतिकक्ष परत हवा होता, बाकी काही नको. म्हणून त्यांचा प्रश्न ठरलेला होता: डॉक्टर जवळ नसताना प्रसूतिकक्षात निर्णय कोण घेतं? याचा अभ्यास सगळ्यात आधी व्हावा.

मी टेबलावर हात आपटला. एकदम पहिला! आणि मग, हात टेबलावरच असताना, डोक्यात आलं. अभ्यास करणारे येतील, केसपेपर काढतील. प्रत्येक पेपरवर डॉक्टरांची ऑर्डर, डॉक्टरांची सही.

"हो ना," सुनंदाताई म्हणाल्या. "लिहितील, माळव्यातले डॉक्टर रात्रभर झोपत नाहीत."

त्या खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही.

बाग

मनावर, कुक्षी ही गावं करत बाग नावाच्या गावी गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोवळा गहू आणि मधूनच उजाड टेकड्या. बाग छापाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. नदीकाठी लाल-काळी कापडं वाळत पडलेली असतात. एका कारखान्यात मी छापणाऱ्या चाचांशी त्वेषाने बोलत असताना टेबलाला टेकलो. टेबलावर नुकतंच छापलेलं कापड होतं.

"अरे भैया, पीछे देखो!"

माझ्या पांढऱ्या पॅन्टच्या मागच्या बाजूला काळ्या वेलबुट्टीची सुबक ओळ उमटली होती. चाचा म्हणाले, रंग पक्का व्हायला अजून उकळावं लागेल, पँट ठेवून जा. मी तसाच जवळच्या एका गावात सीमा डावरकडे गेलो; हेही खरं नाव नाही.

सीमा आरोग्य उपकेंद्र सांभाळते. तिच्या पदाचं नाव वेगळं आहे, काम मात्र तेच: तपास, ठरव, औषध दे, पुढे पाठव. तिशीही नसेल. बाहेर ओट्यावर चांदीची कडी घातलेल्या भिलाळा आदिवासी बाया बसल्या होत्या. एकीने माझ्या पँटकडे बोट दाखवून काही म्हटलं आणि सगळ्या हसल्या. सीमाने भाषांतर करायला नकार दिला.

"भिया, आप जापा कराते हो?" तिने विचारलं. जापा म्हणजे बाळंतपण.

"नाही. आम्हाला तिथे सोडत नाहीत."

"फिर तो आपके लिए भी पर्चा निकालना पड़ेगा."

पर्चा म्हणजे आमचं पत्रक. मी तिला सुनंदाताईंचा प्रश्न सांगितला. तिला आवडेल अशी माझी खात्री होती. तिचा चेहरा उतरला.

"ये सवाल मत पूछो."

"का?"

"सुनंदा दीदी के लिए मेरे मन में बहुत इज्जत है. पर सोचो ना. ये सवाल लेकर कोई आएगा, मेरे पुराने पेपर खोलेगा, और पूछेगा कि रात को साहब यहाँ थे ही नहीं तो ये ऑर्डर किसकी? तब जांच किसकी होगी? मेरी. और उन साहब की, जो अकेले आदमी हैं जो मेरा फोन उठाते हैं."

मी म्हणालो, सत्य बाहेर आलंच पाहिजे. हे वाक्य मोर्च्यात फार चांगलं जातं. त्या ओट्यावर ते कसंतरीच वाटलं. तिने शांतपणे एका पोराच्या पायाची जखम धुतली आणि म्हणाली, सत्य बाहेर आलं की हे केंद्र किती दिवस बंद राहील, तेही तुमच्या कागदावर लिहा.

तिचा प्रश्न वेगळा होता: पुढे पाठवलेल्या बाईचं काय झालं, हे मागे पाठवणारीला कुणी का कळवत नाही? चांगला प्रश्न आहे. लिहून घेतला. पण आता माझ्याकडे दोन सिस्टर होत्या. दोघी खऱ्या होत्या आणि एकीच्या सुटकेतून दुसरी अडकत होती. पत्रकात असं नसतं. पत्रकात एक बाजू आपली असते आणि दुसरी मंत्रालयाची.

धार

धारला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बैठक ठेवली होती. भिंतीवर प्रश्नांचे मोठे कागद लावायचे आणि प्रत्येकीने आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाखाली रंगीत ठिपके चिकटवायचे, अशी संशोधकांची रीत. ठिपक्यांची पाकिटं मी बसमध्ये विसरलो. सकाळी बाजारात गेलो आणि टिकल्या घेतल्या. मखमली, मरून, मोठ्या आकाराच्या. दुकानदाराने विचारलं, "भाभी के लिए?" मी म्हणालो, मतदानासाठी. त्याने एक पाकीट फुकट दिलं, बहुधा दयेने.

जिल्हाभरातून सिस्टर आल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ रेखा शिंदे, निवृत्तीला आलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या. माझ्या कागदांकडे बघून म्हणाल्या, "छान केलंत. संक्रांतीचा महिना आहे, आणि ब्रदर टिकल्या वाटतायत. हळदीकुंकूच आहे म्हणा की."

सुनंदाताई मागच्या रांगेत बसल्या. त्यांच्या प्रश्नाखाली कुणाचं नाव नव्हतं, पण खोलीतल्या प्रत्येकीला तो कुणाचा ते ठाऊक होतं. एक एक उठली. कुणी बदलीचा प्रश्न निवडला, कुणी पगाराचा, कुणी सीमाचा. पण सगळ्यात दाट टिकल्या सुनंदाताईंच्या प्रश्नाखाली पडल्या. कागदाचा तळ मरून दिसायला लागला. सीमासुद्धा उठली, बराच वेळ त्या कागदापुढे उभी राहिली, आणि तिने एक लावली.

मग जेवणाची सुट्टी. दाल-बाफले. बाफला म्हणजे उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, तो तुपात बुडवून काढतात. दोन खाल्ले की क्रांती पुढच्या आठवड्यावर ढकलावी वाटते. तेवढ्यात डॉक्टर आले. ज्यांचा फोन त्या रात्री लागला नाही, तेच. मी त्यांना राक्षस समजत होतो. हातात नमकीनची पिशवी आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला, माझ्याच वयाचा माणूस निघाला. भिंतीवरचा कागद त्यांनी वाचला, मग मला बाहेर चहाला नेलं.

"तुम्हाला वाटतं, त्या दोन ओळी मी तिच्या कामाचं श्रेय खायला ठेवल्यात," ते हिंदीत म्हणाले. "काही चुकलं तर कोर्टात सही माझी असते. त्या ओळी तिच्यासाठीही आहेत. तिने त्या रात्री बरोबर केलं. मी चौकशीत असं सांगितलं तर विचारतील, तुम्ही कुठे होतात. मी रस्त्यावर होतो. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल, याचा अभ्यास करा ना आधी."

मी चिडून म्हणालो, मग तुम्ही तसं लेखी द्या. ते म्हणाले, "आप दे दो लिखकर, मेरी जगह ड्यूटी भी कर लेना." आणि चहा पिऊन निघून गेले, कारण पलीकडच्या रुग्णालयातून फोन आला होता.

आत आलो. सुनंदाताईंच्या प्रश्नाखाली टिकल्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मी मोठ्याने विचारलं, हे काय?

रेखाताई म्हणाल्या, "अहो ब्रदर, संक्रांतीचं वाण लुटायचं असतं. मखमली टिकल्या भिंतीवर कोण ठेवेल? पोरींनी लावल्या."

खरंच, बऱ्याच कपाळांवर मरून टिकली होती. बायका खुदुखुदु हसत होत्या. पण बदलीच्या कागदावरचं वाण कुणी लुटलं नव्हतं. पगाराच्या कागदावरचंही नाही. आणि उडालेल्या टिकल्या होत्या तेवढी कपाळं भरलेली मला दिसत नव्हती. डॉक्टरांनी कागद वाचताना तिथे कोण कोण उभं होतं ते मी पाहिलं नव्हतं. घाबरल्या? डॉक्टरांची कीव आली? की खरंच हळदीकुंकू? मी सीमाकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती. तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

सुनंदाताई उठून कागदापाशी आल्या. उरलेल्या टिकल्या त्यांनी नीट दाबून बसवल्या आणि मला म्हणाल्या, "चला भिया, बस निघेल."

देवास

देवासला त्यांचं सासर. पूर्वी या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द बाजारातून जायची. मामंजी मला मोठ्या अभिमानाने सांगत होते, की आपण उभे आहों ती थोरली. मी रस्ता ओलांडला. फरक जाणवला नाही. माझ्या त्या वेळच्या मनःस्थितीला गाव अगदी योग्य होतं.

घरी वरण-भात, वर शेव. होय, वरण-भातावर. मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असंच. तुमच्या पुण्याकडे काय, नुसतं लिंबू पिळून उठता."

जेवणानंतर सुनंदाताईंनी सांगितलं, जे त्यांनी चार दिवस मला सांगितलं नव्हतं. चौकशीच्या साहेबांनी निरोप पाठवला होता. डॉक्टरांनी फोनवर तोंडी ऑर्डर दिली होती, लिहिताना माझ्याकडून चूक झाली, असा जबाब द्या. सही करा. दुसऱ्या दिवशी प्रसूतिकक्षात परत.

"अजिबात नाही!" मी ओरडलोच. "हे खोटं आहे!"

"खोटं तर आहेच. हळू बोला, शेजारी बाळ झोपलंय."

"मग?"

"मग तुम्ही सांगा. चादरींच्या खोलीत मी खरी आहे. पण परवा प्रसूतिकक्षात एक बाई झटका येऊन दगावली. नवीन मुलगी होती ड्यूटीला. दोन ओळी सोडून फोनची वाट बघत बसली, कारण माझं काय झालं ते तिने पाहिलं होतं. मी भिंतीपलीकडे घड्या घालत होते. मला बोलावलं नाही, कारण मी आता चादरीवाली." त्यांनी शालीची घडी घातली. "सही केली तर पुढची वाचेल. नाही केली तर तुमचं पत्रक वाचेल. सांगा ना भिया, तापट आहात, शुद्ध लिहिता."

मामंजी म्हणाले, नोंद ही नोंद असते, खोटी सही करूं नये. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही पेन्शनीत आहात, तुम्हांस काय जातं. दोघांत चांगलीच जुंपली. दोघंही मला बरोबर वाटत होते.

मी म्हणालो, निदान कुणी साक्षीदार असता. त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

सुनंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो असं. "कुणीच नव्हतं? भिया, ती बाई होती ना. जिला इंजेक्शन दिलं ती. तिची सासू होती. दोघींनी पाहिलं."

चौकशीने त्या बाईला विचारलं नव्हतं, आणि संशोधकांच्या कागदावर ती कुठेच नव्हती. माझ्या एकाही पत्रकात तिला नाव नाही, मी तिला 'एक बाळंतीण' लिहिलं. डॉक्टरला, नर्सला, साहेबाला विचारून झालं. कळा सोसणाऱ्या बाईची आठवण पुरावा म्हणून धरतील का? संशोधक हसतील बहुधा. मला माहीत नाही. पण तिची बदली करता येत नाही, एवढं मला माहीत आहे.

मी परत येऊन अहवाल दिला. सुनंदाताईंचा प्रश्न पहिला लिहिला आहे, टिकल्या उडाल्या हेही लिहिलं आहे, आणि त्याला जोडून: केसपेपर वाचू नका, बायांना विचारा. संशोधक म्हणाले, ही निवड पद्धतशीर नाही. नाहीच. सीमाने फोन करून विचारलं, माझ्या केंद्राचं नाव तर नाही ना. नाही.

रथसप्तमी होऊन गेली. सुनंदाताईंनी सही केली की नाही, मी विचारलेलं नाही. मुद्दाम. उद्या कुणी मला विचारलं तर मला माहीत नाही, हे खरं असेल.

आता तुम्ही. हे वाचून मान हलवून पान उलटू नका. तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत बाळंतपण झालं असेल, सरकारी दवाखान्यात, तर आज संध्याकाळी त्या बाईपाशी बसा आणि तिला विचारा: त्या रात्री तुझ्याजवळ कोण होतं? काय करायचं ते कुणी ठरवलं? ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा, तिला वाचून दाखवा, तिला सही करू द्या, आणि तो कागद तुमच्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवा. सिस्टरने लिहिलं तर तिची नोकरी जाते. तुमची जात नाही. उठा.